उजवा कान

ट्रकमध्ये ड्रायव्हर उजवीकडे बसतो, खिडकीला लागून. मी अठ्ठावीस वर्षं त्या खिडकीची काच खाली करून गाडी चालवली. कोपर बाहेर, वारा तोंडावर, आणि ओव्हरटेक करणाऱ्या प्रत्येक गाडीचा हॉर्न थेट उजव्या कानावर. पहिल्या वर्षी संध्याकाळी कानात शिट्टीसारखं वाजायचं. पुढे त्याची सवय झाली आणि मग ते वाजायचंही थांबलं. मला वाटलं, बरं झालं.

आमचं गाव तापीकाठचं, शहाद्याच्या बाजूचं. भाऊ केळी आणि ऊस बघतो, मी ट्रक बघतो, असं आमचं पहिल्यापासून ठरलेलं. हिवाळ्यात मला नंदुरबारला मिरचीचं काम असतं. शहराबाहेर मैलभर पसरलेल्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत घातलेली असते, तिथून पोती भरायची आणि हायवेला लागायचं. हायवेला जायला दोन रस्ते होते. एक शहरातून, पुलावरून. त्यात रिक्षा, हातगाड्या आणि बाजाराची गर्दी. दुसरा आडरस्ता, शेतांमधून रेल्वेच्या फाटकावर जाणारा. मी नेहमी फाटकाचा रस्ता धरायचो. फाटक बंद असलं तर दहा-पंधरा मिनिटं जायची, पण तेवढीच पाठ टेकायला मिळायची.

त्या फाटकावर एक बाई नोकरीला होती. वय अठ्ठावीस-तीस असेल. नवापूरकडच्या डोंगरातली, परीक्षा देऊन रेल्वेत लागलेली. तिच्या घरची बोली वेगळी, आमच्या घरी गुजरी, आणि फाटकावर थांबणारे बहुतेक लोक अहिराणी बोलणारे. त्यामुळे ती सगळ्यांशी शाळेतल्या पुस्तकासारखं मराठी बोलायची. गुमटीसमोर तिने तुळस आणि झेंडू लावले होते. गुमटी म्हणजे फाटकाशेजारची तिची दोन माणसांपुरती खोली. मी हायवेकडे जाताना ती गुमटी माझ्या उजव्या हाताला यायची.

आमचं कधी बोलणं झालं नव्हतं. म्हणजे मला तसं वाटत होतं.

ते जानेवारीतल्या दुपारी झालं. ट्रक भरलेला होता. त्या हंगामात माझ्याबरोबर क्लीनर नव्हता; गावातला एक जण असायचा, तो सुरतेला मिलमध्ये लागला. फाटक उघडं दिसलं. पलीकडे उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन उभा होता आणि डावीकडच्या शेतातून कसला तरी बारीक, एकसारखा आवाज येत होता; तिकडे पंप चालू असणार असं मी धरून चाललो. ट्रॅक्टर आधी येतो की मी आधी जाऊ, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तो थांबलेला दिसला म्हणून मी गाडी पुढे घातली.

पुढची चाकं रुळांवर चढली तेव्हा समोरचा दांडा खाली येताना दिसला. मी ब्रेक दाबला. आरशात पाहिलं तर मागचा दांडाही ट्रकच्या मागे उतरत होता. पाय क्लचवरून सुटला, गाडीने एक झटका दिला आणि बंद पडली.

पलीकडचा ट्रॅक्टरवाला दोन्ही हात वर करून मला काहीतरी सांगत होता. मी उजवीकडे वळून पाहिलं. ती गेटवाली बाई माझ्या दारापासून दहा पावलांवर उभी होती. एका हातात लाल झेंडा, गळ्यात शिट्टी. तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या. इंजिन बंद होतं, तरी तिचा शब्द माझ्यापर्यंत येत नव्हता. मला फक्त तो शेतातला बारीक आवाज येत होता, डावीकडून.

ती दारापाशी आली, पायरीवर चढली आणि खिडकीतून हात घालून माझा खांदा हलवला. मी मान पूर्ण तिच्याकडे वळवली तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं.

"काका, घाबरू नका. रेल्वे सिग्नलला उभी आहे. तुम्ही चालू करा, मी दांडा वर घेते."

ती धावत गेली आणि हँडल फिरवायला लागली. मी किल्ली फिरवली. दोनदा सुरू केली, दोनदा पुन्हा बंद पडली. गिअर काढायचं मी विसरलो होतो. तिसऱ्यांदा न्यूट्रलला आणून सुरू केली, पहिला टाकला आणि फाटकाबाहेर आलो. ट्रॅक्टरच्या पुढे रस्त्याकडेला गाडी लावली. तिने पुन्हा फाटक लावलं, आत जाऊन फोन केला, आणि थोड्या वेळाने एक लांबलचक मालगाडी हळूहळू निघून गेली. मी खाली उतरून ती डब्बा डब्बा बघत उभा होतो. 

फाटक उघडून गर्दी पांगल्यावर ती माझ्याकडे आली. मला वाटलं, नंबर लिहून घेईल, पोलिसांचं नाव काढेल. तिने गुमटीतलं पाणी आणलं होतं. मी प्यायलो आणि तिने विचारण्याआधीच सुरू केलं, की तुम्ही फाटकाचा भोंगा वाजवला असता तर मी थांबलो असतो.

"भोंगा वाजतच होता," ती म्हणाली. "मी शिट्टी वाजवली. चार हाका मारल्या."

मी म्हणालो, इंजिनाच्या आवाजात काय ऐकू येणार.

"इंजिन बंद पडलं होतं तेव्हाही मी ओरडत होते." ती म्हणाली. "काका, तुम्हाला या कानाने ऐकू येत नाही. मी नोव्हेंबरपासून बघते आहे. फाटक बंद असताना मी तुम्हाला तीन-चार वेळा काही ना काही विचारलं. तुम्ही उत्तर दिलं नाही. आधी मला वाटलं, माणूस गर्विष्ठ आहे."

मला राग आला. आज सांगायला लाज वाटते, पण ज्या बाईने मला रुळांवरून बाहेर काढलं तिला मी म्हणालो की माझ्या कानाचं तुम्ही बघू नका, तुमचं फाटक बघा.  ती पाण्याचा तांब्या घेऊन गुमटीत गेली.

त्यानंतर महिनाभर मी शहरातून, पुलावरून जात राहिलो. वेळ जास्त जायचा, डिझेल जास्त जायचं, रिक्षावाल्यांशी रोज कटकट व्हायची. दुसरे ड्रायव्हर विचारायचे, हा वाकडा रस्ता कशाला. मी सांगायचो, तिकडचा रस्ता खराब झालाय.

पण तिचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं, आणि आता नको नको त्या गोष्टी दिसायला लागल्या. फोन आला की मी तो डाव्या कानाला लावतो. उजवा हात मोकळा असला तरी डाव्यानेच उचलतो. पानटपरीवर मी नेहमी भिंतीला उजवी बाजू लावून बसतो. घरी जेवताना बायको माझ्या डाव्या बाजूला बसते. पूर्वी ती उजवीकडे बसायची, चुलीकडे. जागा कधी बदलली ते मला आठवेना.

एका रविवारी मी बायकोला विचारलंच. घरी आम्ही गुजरी बोलतो, ते इथे मराठीत लिहितो. मी म्हणालो, तू या बाजूला का बसतेस?

ती भाकरी मोडत होती. वर न बघता म्हणाली, "त्या बाजूने बोललं की तुम्ही दोनदा 'काय' म्हणता. मग चिडता. म्हणून इकडे आले."

किती दिवस झाले, असं मी विचारलं. धाकट्या मुलीच्या लग्नाच्या आधीपासून, असं ती म्हणाली. धाकटीच्या लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती.

म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं. कुणी लपवलं नव्हतं, तसं सांगितलंही नव्हतं. मुलींनी हाक मारायची सोडून समोर येऊन बोलायची सवय लावून घेतली होती. भाऊ शेतात असला तर लांबून ओरडण्याऐवजी हात करायचा. मी मात्र मजेत होतो, कारण मला सगळं ऐकू येत होतं. जे येत नव्हतं त्याचा पत्ताच नव्हता.

दुपारी मी ट्रकमध्ये जाऊन बसलो. काचा वर केल्या. मोबाईलची रिंग लावून फोन डाव्या कानाशी धरला. ठणठणीत. मग उजव्या कानाशी नेला. हातात फोन थरथरतोय ते कळत होतं, पडदा उजळत होता, आणि आवाज लांबच्या विहिरीतून आल्यासारखा, तोही डावीकडूनच. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. तेव्हा त्या दिवसाचं कोडं सुटलं. भोंगा मी ऐकला होता. तो उजवीकडून वाजत होता आणि मला तो डावीकडे, शेतात ऐकू येत होता. एकच कान असला की आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. आणि पूर्वी क्लीनर डाव्या सीटवर बसून 'थांबा, मागून गाडी' असं सांगायचा, ते मला त्याची बडबड वाटायची. मी त्याच्या कानांवर गाडी चालवत होतो.

दुसऱ्या आठवड्यात नंदुरबारला सरकारी दवाखान्यात गेलो. बायकोला सांगितलं, मिरचीच्या धुळीने घसा धरलाय. तिथे एका लहान बंद खोलीत बसवून कानाला हेडफोन लावतात आणि हातात बटण देतात. आवाज आला की दाबायचं. डाव्या कानाचं चालू होतं तोवर मी भराभर दाबत होतो. मग बराच वेळ काहीच झालं नाही. मला वाटलं मशीन बंद पडलं. काचेतून पाहिलं तर डॉक्टर बाई खाली मान घालून खटके दाबत होत्या. मशीन चालू होतं.

त्यांनी कागदावरची खाली उतरत गेलेली रेघ मला दाखवली आणि विचारलं, काम काय करता.

"शेती," मी म्हणालो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "शेतीने एकच कान जात नाही, काका. खिडकीकडचा कान जातो तो ड्रायव्हरचा."

  बाहेर रांगेत एक म्हातारा खोकत होता. शेवटी मी सांगितलं की ट्रक आहे माझा, आणि परवाना याच वर्षी संपतोय. मागच्या वेळी सर्टिफिकेट कुठून आणलंत, असं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं: फॉर्म एजंटने भरला होता, आणि कुठल्याशा दवाखान्यात डॉक्टरने मला बाहेरून पाहून सही केली होती. त्या फॉर्मवर ऐकण्याबद्दलचा एक प्रश्न असतो, हे मला तोवर माहीतसुद्धा नव्हतं.

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. उजव्या कानाची नस गेली आहे, ती परत येणार नाही. यंत्र लावलं तर थोडा फरक पडेल. डावा कान चांगला आहे, तो जपा. यंत्र लावून, पुन्हा तपासून, नियमात बसलं तरच सही करेन; नाही बसलं तर करणार नाही. आणि दर सहा महिन्यांनी यायचं.

नियमात बसेल की नाही ते त्या दिवशी त्यांनाही ठाऊक नव्हतं. बसमधून घरी येताना मला पहिल्यांदाच भीती वाटली. रुळांवर वाटली होती तशी नाही, वेगळी. बावन्नाव्या वर्षी मी दुसरं काय करणार? केळीच्या बागेत मला भाऊ 'तू बस सावलीला' म्हणणार, एवढंच दिसत होतं.

यंत्र मिळायच्या आधी मी एकदा फाटकावर गेलो, ट्रक न घेता, मोटारसायकलवर. फाटक उघडं होतं. ती झेंडूच्या वाळलेल्या फुलांचं बी काढत बसली होती. मला ओळखून उठली आणि गुमटीच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे माझ्या डाव्या हाताला येऊन उभी राहिली. मी म्हणालो की तुमचं बरोबर होतं, आणि मी त्या दिवशी जे बोललो ते बोलायला नको होतं.

तिने ते तिथेच सोडून दिलं. डॉक्टरांनी काय सांगितलं, ते विचारलं. मी विचारलं की त्या दिवशी गाडी आली असती तर? ती म्हणाली, नसती आली. फाटक पूर्ण लागून कुलूप बसल्याशिवाय गाडीला सिग्नलच मिळत नाही. त्या दिवशी तो नियम माझ्या बाजूने होता. पण मी दांड्याला धडकलो असतो, किंवा दांडा तोडून पळालो असतो, किंवा पुढच्या एखाद्या रस्त्यावर, जिथे फाटक नाही, नुसती दुसरी गाडी आहे, तिथे असाच घुसलो असतो तर कुठला नियम मला वाचवायला येणार होता?

"मला तुमचा परवाना घालवायचा नाही," ती म्हणाली. "एवढंच सांगा, तुमची गाडी लांबून दिसली की मी काय करू?"

आजवर मला असं कुणी विचारलं नव्हतं. आम्ही उभ्या उभ्या ठरवलं. फाटक उघडं असो की बंद, मी अलीकडे पूर्ण थांबायचं. काच खाली, गाणी बंद. आधी गुमटीकडे मान वळवून पाहायचं, मग दोन्ही बाजूंना रुळांकडे. ती मोकळ्या हाताने पुढे जायची खूण करेल. खूण दिसली नाही तर जायचं नाही. आणि पलीकडे ट्रकच्या लांबीएवढी जागा रिकामी दिसल्याशिवाय रुळांवर चाक ठेवायचं नाही, कारण पुढे ट्रॅक्टर अडला तर आपण मधेच अडकतो. शेवटचं तिने दोनदा सांगितलं. ते कानाचं नव्हतं. सगळ्याच ड्रायव्हरांना ती ते सांगत असे आणि कोणी ऐकत नसे.

यंत्र आलं तेव्हा पहिले आठ दिवस वैताग झाला. भांड्यांचा आवाज, स्वतःच्या चपलांचा आवाज. ट्रकमध्ये तर इंजिनाशिवाय काही कळेना. डॉक्टर बाईंनी दोनदा आवाज कमी-जास्त करून दिला आणि काच बंद ठेवून चालवायला सांगितलं. उन्हाळ्यात ते फार जड गेलं. तपासणीत मी नियमात बसलो. अगदी कडेला, असं त्या म्हणाल्या, आणि सही केली. फॉर्मवर यंत्राचा उल्लेख त्यांनी ठळक केला होता. तो कागद मी स्वतः आरटीओ ऑफिसात जाऊन दिला, एजंट न लावता. खिडकीवरच्या माणसाने तो वाचला, माझ्याकडे पाहिलं, मला मान फिरवायला लावून मागून काहीतरी विचारलं. गावाचं नाव विचारत होता. मी सांगितलं.

फाटकावर मात्र माझी चांगलीच फजिती व्हायची. उघड्या फाटकापुढे ट्रक थांबवला की मागचे हॉर्न वाजवायचे. पूर्वी मला ते कुठून वाजतात ते कळलं नसतं, आता यंत्रामुळे कळायला लागलं. एकदा मागचा टेम्पोवाला उतरून खिडकीपाशी आला आणि अहिराणीत म्हणाला, "काय भाऊ, फाटक उघडं शे ना, मंग का बरं थांबी ऱ्हायना?" मी त्याला म्हणालो, दोन मिनिटं थांब, तुलाही पोचायचंच आहे ना. तो पुटपुटत गेला. पुढच्या खेपांना मात्र तोही माझ्यामागे मुकाट थांबायला लागला.

पुढच्या पावसाळ्यानंतर तिथे रुळांखालून रस्ता काढायचं काम सुरू झालं आणि फाटक कायमचं बंद झालं. भुयारी रस्त्याची कमान एवढी ठेंगणी, की भरलेला ट्रक जात नाही. आम्ही सगळे पुलावरून जातो. तिची बदली नवापूरच्या बाजूला झाली, घराजवळ. जायच्या आधी तिने मला झेंडूचं बी कागदात बांधून दिलं होतं. ते बायकोने केळीच्या बांधावर टाकलं, आणि जनावरांनी खाल्लं बहुतेक. काही उगवलं नाही.

आता हायवेच्या चहाच्या टपरीवर आम्ही पाच-सहा जुने ड्रायव्हर भेटतो. सगळ्यांची पंचवीस-तीस वर्षं झालेली. मी त्यांना फोनची रिंग लावून कान बघायला सांगतो, आधी डावा, मग उजवा. पहिल्या दिवशी सगळे हसले. मग एकाने करून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. तो पुढच्या आठवड्यात माझ्याबरोबर दवाखान्यात आला. दुसऱ्याचं तेवढं गेलेलं नाही. त्याने काच बंद ठेवायला सुरुवात केली.

तिसरा माझा सगळ्यात जुना दोस्त. त्याने फोन हातात घेतलाच नाही. म्हणाला, माझं लायसन घालवायला निघालास का. मी त्याच्या उजवीकडे बसलो होतो, म्हणून उठून डावीकडे गेलो आणि म्हणालो की घालवायला नाही रे. तो चहा अर्धा टाकून गाडीत बसला. तेव्हापासून तो टपरीवर थांबत नाही. पण हायवेला समोरून आला की लाईट मारतो, मीही मारतो. परवा त्याची बायको बाजारात माझ्या बायकोला भेटली, आणि तो दवाखाना नेमका कुठे आहे, असं विचारत होती.